कपाटातली बाराबोर

आमच्या घरात बंदूक आहे हे कळलं की पुण्या-बेंगळुरूकडून सुट्टीला आलेली भाचरं पहिला प्रश्न विचारतात, "मामा, कितीदा उडवली?" उत्तर ऐकून त्यांचा विरस होतो. गेल्या पंचवीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या वेळा, आणि त्याही रात्री उसाच्या कडेला उभं राहून, नळी आभाळाकडे करून. "मग ठेवलीय कशाला?" हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आमचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठाला. तंबाखू, ऊस, सोयाबीन, शेंगा. तंबाखूला जनावर सहसा तोंड लावत नाही, पण शेंगा, मका आणि ऊस दिसला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत निम्मा वाफा नांगरल्यासारखा करून जातो. आजोबांनी बंदूक घेतली ती यासाठीच. एकनळी, बाराबोर. शिशाचे गोल गोळे नळीच्या मापाचे केले आणि असे १२ गोळे मिळून एक पौंड भरले, तर ती नळी बाराबोर. म्हणजे बोरचा आकडा वाढला की नळी बारीक होते! हे गणित मुलांना फार आवडतं. तिच्यात लागणारी 'शक्तिमान' काडतुसं पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्यात बनतात. किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो.

माझी सासुरवाडी खानापूरकडची, जांबोटीच्या बाजूची. तिथे परवाने बहुतेक ठासणीच्या बंदुकीचे. वरून दारू भरायची, गजाने ठासायची, मग छरे. आजच्या काळात हे जुनाट वाटेल, पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक पीक राखणीसाठी म्हणून वेगळी नमूद आहे. त्या बंदुकीने काम भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक त्या कामासाठी मिळते. सासरे म्हणायचे, "ठासणीची एकदा उडाली की परत भरेपर्यंत डुक्कर घरी जाऊन जेवून येतंय!"

आता खरी गोम. परवाना पीक राखणीचा असला तरी डुकराला गोळी घालायची मुभा त्या परवान्यात नसते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आणि शस्त्र कायदा वेगळा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते पिकाचं नुकसान करत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने लेखी परवानगी द्यायला हवी, तेव्हाच मारता येतं. खानापूरकडचा गवा तर पहिल्या अनुसूचीत, त्याच्या वाटेला जायचंच नाही. जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण ते जनावर सरकारच्या मालकीचं होतं. कोणी मटणाची पाटी घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवायचं, हा आमच्या घरचा जुना नियम आहे.

म्हणजे बंदूक फक्त आवाजासाठी? बऱ्याच अंशी हो. आणि आवाजासाठी आता स्वस्त साधनं आली आहेत. सुतळी बॉम्ब, कार्बाइडची पाइपची तोफ, रात्रभर लावलेला रेडिओ, बांधावर बांधलेल्या जुन्या रंगीत साड्या, सोलरचं कुंपण. यातलं सोलर सोडलं तर बाकीच्याला डुकरं आठवड्यात सरावतात. बंदुकीच्या आवाजालाही सरावतात, हे मी माळ्यावर जागून पाहिलेलं आहे. नुकसान झालं की वनखात्याकडे अर्ज, फोटो आणि उतारा द्यावा लागतो. कागलच्या पाहुण्यांकडे सातबारा असतो, आमच्याकडे आरटीसी. काही जण थेट विजेची तार सोडतात, त्याने डुकराआधी माणूस मरतो. त्यापेक्षा केरळने केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. तिथे २०२२ पासून ग्रामपंचायतींच्या प्रमुखांना त्रास देणाऱ्या रानडुकरांबाबत आदेश देण्याचा अधिकार दिला, आणि गोळी झाडायची ती परवानाधारकानेच. जबाबदारी कोणाची ते आधी ठरतं, शिवाय परवानाधारकाला काही काम उरतं.

आमच्याकडे परवानाधारकाचं मुख्य काम म्हणजे निवडणुकीआधी बंदूक ठाण्यात नेऊन देणं. २०२३ च्या विधानसभेची आचारसंहिता २९ मार्चला लागली, मतदान १० मेला आणि निकाल १३ मेला. पुढच्याच वर्षी लोकसभेची १६ मार्चला लागली, चिकोडीचं मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. म्हणजे उन्हाळाभर बंदूक ठाण्यात, आणि नेमकी तेव्हाच रानात पाणी-चारा आटल्याने डुकरं उसात. नियमाप्रमाणे कोणाची शस्त्रं जमा करायची हे छाननी समितीने एकेकाचं प्रकरण पाहून ठरवायचं असतं, आणि बँकेच्या रखवालदारांना, नेमबाजांना सूट असते. प्रत्यक्षात गावात दवंडीसारखा निरोप येतो आणि सगळे रांगेत उभे राहतात. मला त्याचा राग येत नाही. नोटीस कन्नडमध्ये असते, ती माझी मुलगी वाचून दाखवते, मी बंदूक गोणपाटात गुंडाळतो, पावती घेतो आणि रांगेतल्या ओळखीच्या निवृत्त जवानांशी गप्पा मारतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीला एक जवान असतोच. निवृत्तीनंतर परवाना काढून बँकेत रखवालदारी धरणारेही पुष्कळ. त्यांच्यासाठी बंदूक म्हणजे पगाराचं साधन.

सीमेवर राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट कायम डोक्यात ठेवावी लागते. माझा परवाना कर्नाटकापुरता आहे. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र, आणि माझा मामा कागलला, निपाणीपासून वीसेक किलोमीटरवर. आम्ही लग्नाला, बारशाला, उरुसाला दिवसातून दोनदा ती हद्द ओलांडतो, विचारसुद्धा न करता. बंदूक मात्र १९५६ ची रेघ पाळते. एकदा मामांनी मुलाच्या वरातीत दोन बार उडवायला मला बोलावलं. मी गेलो, पण रिकाम्या हाताने. मामा रुसले. आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा आनंदाचा गोळीबार करून कोणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, त्यामुळे रुसण्याचा प्रश्न मिटला.

खंडेनवमीला बंदूक पाटावर येते. विळा, कोयता, पंपाची मोटर, मुलीची स्कूटर आणि ती. याच कर्नाटकात कोडगूला कोडवांचं याहून वेगळं आहे. त्यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयानेही ती मान्य केली. सप्टेंबरात त्यांचा कैलपोळद सण असतो, तेव्हा बंदुका फुलांनी सजवतात. माझा कोडव मित्र मला चिडवतो, "तुला कागद आहे, आम्हाला परंपरा आहे." मी म्हणतो, "कागद बरा. कागदामुळे दर पाच वर्षांनी कोणीतरी विचारतं तरी, अजून लागते का म्हणून." पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. २०१९ ला ती पाच केली, आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं अशी मर्यादा आणली.

घरातले नियम कायद्याहून कडक आहेत, आणि ते माझ्या बायकोने केले आहेत. बंदूक लोखंडी कपाटात, नळी वेगळी करून. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे कधीच नाहीत. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. म्हणजे रात्री डुकरं आल्याची आरोळी आली की तिलाही उठावं लागतं. पोरांना दाखवायची असेल तर मी उघडून रिकामी नळी उजेडाकडे धरून दाखवतो, आणि बंदूक रिकामी आहे असं कोणी सांगितलं तरी स्वतः पाहायचं, हे त्यांना तोंडपाठ करायला लावतो.

२०१९ चा ऑगस्ट निपाणीकडच्या कोणी विसरणार नाही. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, पुण्या-बेंगळुरूची वाहतूक थांबली. आमच्या घरात गुडघाभर पाणी. जनावरं सोडून वर नेली, आईला खांद्यावर घेतलं, दागिन्यांचा डबा, आरटीसीचे कागद. आणि बंदूक. ती पाण्यात सोडता येत नाही, शाळेतल्या निवाऱ्यात नेता येत नाही. ठाण्यात गेलो, तर पोलीस स्वतःच होड्यांच्या मागे. तरी एका हवालदाराने ती जमा करून घेतली आणि ओल्या कागदावर पावती दिली.

पाणी ओसरल्यावर बंदूक परत आली, पण ऊस कुजला होता. माझ्या धाकट्या भावाने त्या वर्षी सोसायटीचं आणि खाजगी असं दोन्ही कर्ज घेतलं होतं. तो बोलेनासा झाला. रात्री अंगणात बसून राहायचा. जेवायला बोलावलं की "तुम्ही जेवा" एवढंच. आमची वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्या बायकोकडे येऊन रडली. त्या रात्री बायकोने मला उठवलं आणि म्हणाली, "अहो, उद्याच्या उद्या ती बंदूक घरातून बाहेर काढा." भावाने काही बोलून दाखवलं नव्हतं. मी "किल्ल्या दोन आहेत की" म्हणालो. ती म्हणाली, "किल्ली माणसाचीच असते." दुसऱ्या दिवशी मी बेळगावला गेलो आणि परवानाधारक दुकानात ती सुरक्षित ठेवीला दिली. अशी सोय कायद्यात आहे, महिन्याचं भाडं लागतं, पावती मिळते. हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

नंतर भावाला घेऊन डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नाव-गाव विचारल्यावर पहिल्या पाच प्रश्नांत विचारलं, "घरात शस्त्र आहे का?" मी पावती दाखवली. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. भाऊ बरा व्हायला आठ महिने लागले. आता तो दूध संघाला दूध घालतो, आणि मी हे लिहितोय हे त्याला दाखवून लिहितोय. "माझं नाव नको, बाकी लिही," म्हणाला. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तिथे बंदुका कोट्यवधी आहेत, आपल्याकडे त्या मानाने नगण्य, पण घर हे घर असतं. बंदूक चोराला किंवा डुकराला पाहायच्या आधी घरच्या माणसांनाच पाहते. घरात कोणी असं गप्प झालं तर सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा आहे, १४४१६ वर. तिथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

सात महिने बंदूक बेळगावात होती. त्या हंगामातलं डुकरांचं नुकसान आधीच्या वर्षांइतकंच झालं. हे मी कोणाला मुद्दाम सांगत नव्हतो, पण बायकोने हिशेब ठेवला होता.

आता प्रश्न पुढचा आहे. आप्पा गेल्यावर १९९८ ला परवाना माझ्या नावावर झाला. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो हयात असतानाच ते वारसाला देता येतं. वारस म्हणजे नुसता मुलगा नव्हे, मुलगीही. अर्थात तिला स्वतःचा परवाना मिळाला पाहिजे. वय २१ पूर्ण, पोलीस चौकशी, शारीरिक-मानसिक आरोग्याचा डॉक्टरी दाखला, बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. नको असेल तर परवानाधारक दुकानाला विकता येते किंवा सरकारजमा करता येते.

मुलगा बेंगळुरूला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने एका वाक्यात सांगितलं, "बाबा, मला नको, पण विकूही नका." हे तर आणखी अवघड! मुलगी बेळगावात शिकवते, दर शनिवारी शेतावर येते, उसाचे हिशेब तीच बघते. पॅरिसमध्ये २०२४ ला राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा तिने फोन करून मला उठवलं होतं, पण नेमबाजीचं वेड तिला नाही. ती म्हणते, "शेत माझ्याकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर काय काय येतं ते मला आधी कळू दे." बायकोचं मत मला विचारायची गरज नाही.

नूतनीकरणाची तारीख पुढच्या वर्षी आहे. गेल्या शनिवारी मुलीने अर्जाचा नमुना छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, तुझ्याकडची किल्ली मला दे म्हणत नाही मी. माझ्याकडे आली तर दुसरी किल्ली कोणाकडे ठेवू, तेवढं सांग." बायकोने अजून उत्तर दिलेलं नाही. अर्ज टेबलावरच आहे, वर मिठाची बरणी ठेवलेली.