तेरा महिन्यांचं वर्ष

प्रीपेडवाल्याचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं. २८ दिवसांचा पॅक १३ वेळा मारला, तरी ३६४ दिवसच भरतात!

पूर्वी नुसते फोन घ्यायला ठेवलेलं सिम जवळजवळ फुकट चालायचं. २०१८च्या अखेरीस ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला आणि ती सोय संपली. २०२४च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा साधा पॅकही १९९ रुपयांवर गेला. साधा फोन वापरणाऱ्या आजोबांनी नको असलेल्या डेटाचे पैसे का भरावेत? डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे पॅक देणं सक्तीचं केलं.

प्रीपेडची शिल्लकही कधी परस्पर कापली जाते, ती अनेकदा नकळत सुरू झालेल्या कॉलर ट्यूनसारख्या सेवेपायी. अशी सेवा बंद करायला १५५२२३ हा मोफत क्रमांक आहे.