रिकाम्या बहुभुजाचे काय करायचे?

दोन बहुभुज एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. त्यांचा सामाईक भाग काढायला सांगितला तर संगणकाने काय उत्तर द्यावे? 'एरर' दाखवून मोकळे होणे सोपे. पण चूक कुणाचीच नाही. उत्तर आहे, फक्त त्यात एकही बिंदू नाही. जावामधली जेटीएस ही लायब्ररी अशा वेळी 'पॉलिगॉन एम्प्टी' असे उत्तर देते. कॅनडात जन्मलेल्या या लायब्ररीचा सी प्लस प्लसमधला अवतार म्हणजे जिओस. क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस, शेपली ही नकाशावाल्यांची रोजची हत्यारे त्याच जिओसच्या जिवावर चालतात. तेव्हा रिकाम्या आकाराची चाचणी ही काही रिकामटेकडी हौस नव्हे.

जेटीएसच्या कित्येक चाचण्या एक्सएमएल फाइलींत असतात: आकार 'ए', आकार 'बी', क्रिया आणि अपेक्षित उत्तर. 'ए' म्हणून साधा चौकोन घ्या, 'बी' रिकामा ठेवा. 'बी'चे क्षेत्रफळ शून्य, दोघांचा संयोग म्हणजे तोच चौकोन, छेद रिकामा. इथवर शाळेतल्या संचांची उजळणी. पण 'बी' हा 'ए'मध्ये सामावतो का? रिक्त संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो, हे आपण घोकलेले. जेटीएस मात्र 'नाही' म्हणते, कारण तिच्या व्याख्येत दोघांच्या अंतर्भागात निदान एक बिंदू सामाईक लागतो. गणिताच्या मास्तरांना हे रुचणार नाही. पण चाचणी घ्यायची ती लिहिलेल्या नियमाची.

खरी पंचाईत अंतराची. रिकाम्या आकारापर्यंतचे अंतर जेटीएस शून्य सांगते, पोस्टजीआयएस 'नल', म्हणजे 'मूल्यच नाही', असे उत्तर देते. मला दुसरे पटते. जवळचे रुग्णालय शोधताना एखाद्या रुग्णालयाचा बिंदू रिकामा राहिला आणि अंतर शून्य आले, तर तेच यादीत पहिले झळकणार.

साठवणुकीतही खोच आहे. बायनरी स्वरूपात रिकामी रेषा 'बिंदू शून्य' अशी लिहिता येते. एकट्या बिंदूला ती सोय नाही, त्याचे दोन्ही निर्देशक लिहावेच लागतात. तिथे शून्य-शून्य लिहिले तर तो थेट आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात पडतो. म्हणून दोन्ही जागी 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नव्हे', अशी खूण ठेवतात. तो लिहून पुन्हा वाचल्यावर रिकामाच निघतो ना, हेही तपासावे लागते.

पोस्टजीआयएस वापरत असाल तर अंतर मोजण्याआधी आकार रिकामा आहे का हे सांगणारे 'एसटी_इजएम्प्टी' जरूर चालवा. मात्र आकाराची नोंदच नसेल तर ते 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही, 'नल'च परत करते. ती तपासणी वेगळी करावी लागते.