बायबलमधील दिवस व सण : प्रारंभ आणि समाप्तीचा प्रश्न

प्रस्तावना :

'दिवस' ही संज्ञा वरवर पाहता निःसंदिग्ध वाटते. परंतु दिवसाचा आरंभ कोणत्या क्षणी मानावा, याविषयी निरनिराळ्या समाजांत एकवाक्यता नाही. आधुनिक नागरी दिवस मध्यरात्री सुरू होतो. आपल्या पंचांगातील वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जातो. ज्यू परंपरेतील शब्बाथ व सण मात्र सायंकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सायंकाळनंतर संपतात. 'बायबलमधील दिवस सूर्यास्ताला सुरू होतो' हे विधान त्यामुळे पाठ्यपुस्तकी सत्य म्हणून स्वीकारले जाते. मूळ वचने तपासली असता ते अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

सृष्टिकथेचा अर्थ :

'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात प्रत्येक सृष्टिदिनाच्या अखेरीस प्रथम संध्याकाळ आणि मग सकाळ झाल्याचा उल्लेख येतो. या क्रमावरून रात्र आधी व दिवस नंतर, असा अर्थ रूढ झाला. परंतु १२व्या शतकातील फ्रान्समधील भाष्यकार राशबाम यांनी निराळा अर्थ लावला. त्यांच्या मते प्रथम प्रकाश निर्माण झाला, मग तो मावळून संध्याकाळ झाली आणि नंतर पहाट उजाडली, तेव्हा एक दिवस पूर्ण झाला. असा अर्थ आचरणात आणल्यास शुक्रवारच्या रात्रीचे पावित्र्य लोपून ते शनिवारच्या रात्रीकडे जाईल. म्हणूनच अब्राहाम इब्न एझ्रा यांनी इ. स. ११५८ च्या सुमारास शब्बाथविषयक पत्र लिहून अशा अर्थाचे खंडन केले. एका शब्दाच्या अर्थावर संपूर्ण समाजाचा आचार अवलंबून होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

दोन गणनापद्धती :

दिवसामागून रात्र मोजण्याची पद्धतही बायबलमध्ये आढळते. उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खावे, सकाळपर्यंत ठेवू नये, असे 'लेवीय' ७:१५ सांगते. येथे रात्र आदल्या दिवसाचाच भाग आहे. तालमूदनेही यज्ञकर्मापुरता हाच नियम मान्य केला आहे.

'लेवीय' २३:३२ हे वचन याहून महत्त्वाचे आहे. प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेस येतो. पण त्याचा उपवास नवव्या तारखेच्या संध्याकाळपासून पुढील संध्याकाळपर्यंत पाळण्याची आज्ञा आहे. प्रत्येक तारीख संध्याकाळीच बदलत असती, तर त्या संध्याकाळनंतरच्या काळास 'दहावी' म्हणणे पुरेसे होते. 'निर्गम' १२:१८ मध्ये बेखमीर भाकरीचा काळही चौदाव्या तारखेच्या संध्याकाळपासून एकविसाव्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत सांगितला आहे. सणाची मर्यादा स्वतंत्रपणे सांगण्याची गरज भासली, यावरून सामान्य व्यवहारातील तारीख आणि व्रताचा काळ नेहमीच एकरूप नसावेत, असे अनुमान काही अभ्यासक काढतात.

संधिकालाची समस्या :

सायंकाळ हा एक क्षण नसून कालावधी आहे. सूर्यास्तापासून तारे दिसेपर्यंतचा संधिकाल दिवसाचा की रात्रीचा, याविषयी धर्मपंडितांनी निश्चित निर्णय न देता दोन्ही टोके पवित्र काळात धरली. त्यामुळे शब्बाथ सूर्यास्तापूर्वी दिवे लावून सुरू होतो (अनेक ठिकाणी १८ मिनिटे आधी) आणि मध्यम तेजाचे तीन तारे दिसू लागल्यावर संपतो. चोवीस तासांचा दिवस अशा रीतीने सुमारे पंचवीस तासांचा होतो.

ही सीमा सर्वांना कळविण्याची व्यवस्थाही होती. शब्बाथपूर्वी अंधारू लागताच नहेम्याने यरुशलेमच्या वेशी बंद करविल्या (नहेम्या १३:१९). मंदिरातील याजक शब्बाथच्या आरंभी व अखेरीस तुतारी वाजवून सूचना देत, असे पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस नोंदवितो. १९६८ मध्ये बेंजामिन मझार यांच्या उत्खननात मंदिर-टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याशी 'तुतारी वाजविण्याचे स्थान' दर्शविणारा कोरीव शिलाखंड मिळाला. त्यामुळे या वर्णनास पुरातत्त्वीय आधार लाभला.

सणांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. नवचंद्र पाहिल्याच्या साक्षीवरून महिना ठरत असे आणि ही वार्ता दूरच्या वसाहतींना वेळेवर पोहोचत नसे. म्हणून तेथे सणास एक जादा दिवस जोडला गेला. पुढे गणिती पंचांग आले, तरी ही प्रथा टिकली. वल्हांडण इस्राएलमध्ये सात दिवसांचा, तर बाहेरच्या सनातनी परंपरेत आठ दिवसांचा असतो.

महाराष्ट्रातील संदर्भ :

कोकणातील बेने इस्राएल तेलाचा व्यवसाय करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यावरून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. प्रायश्चित्ताच्या दिवसास त्यांच्यात 'दरफाळणीचा सण', म्हणजे दारे बंद ठेवण्याचा सण, असे म्हणत. हिब्रू ग्रंथपरंपरेशी संपर्क क्षीण झालेल्या काळातही काळाची ही मर्यादा घराच्या बंद दारांतून जपली गेली, ही बाब उल्लेखनीय आहे.

समारोप :

सारांश, बायबलमध्ये दिवसाची एकच सर्वव्यापी व्याख्या नाही. कार्यपरत्वे सीमा बदलते. शब्बाथ व सण यांपुरती 'संध्याकाळ ते संध्याकाळ' ही मर्यादा परंपरेने दृढ केली. आपल्याकडे सामान्यतः उदयतिथी घेतली जात असली, तरी महाशिवरात्रीस मध्यरात्रीची तिथी पाहतात. त्यामुळे हा विचार मराठी वाचकास परका वाटू नये. अध्यापकांनी दिनदर्शिकेत छापलेली तारीख सांगताना सण आदल्या सायंकाळीच सुरू होतो, हे अवश्य सांगावे. परीक्षांची वेळापत्रके आखतानाही याचे भान ठेवावयास हवे. कारण शब्बाथ पाळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शुक्रवारची सायंकाळ ही शनिवारइतकीच पवित्र असते.