सतरा आणि सतरा : मुंबई इलाख्यातील मिडल स्कूलचा एक तक्ता

शाळेच्या पटावर कोणाची मुले आहेत आणि त्यांतील किती पुढच्या पायरीपर्यंत पोचतात, हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहता यावेत असा एक तक्ता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनसाठी तयार केलेल्या निवेदनात आहे. आकडे बाबासाहेबांचे नव्हेत. ते १८८२ साली नेमलेल्या हंटर शिक्षण कमिशनच्या वेळचे असून निवेदनात केवळ उतरवून घेतलेले आहेत. महात्मा फुल्यांनी याच कमिशनला दिलेल्या निवेदनावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. या तक्त्याकडे मात्र, त्यात उपरोध किंवा आवेश काहीच नसल्यामुळे असेल, कोणी फारसे थांबून पाहिलेले दिसत नाही.

त्या काळी मुंबई इलाख्यात मराठी चौथी झालेला मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई. इंग्रजीच्या पहिल्या तीन इयत्ता म्हणजे मिडल स्कूल आणि त्यापुढे मॅट्रिकपर्यंतच्या इयत्ता म्हणजे हायस्कूल, अशी ढोबळ विभागणी होती. लिहिण्यावाचण्यापुरती विद्या पुरेशी असणाऱ्यांचा प्रवास मराठी शाळेतच संपे, आणि कचेरीतील नोकरीकडे किंवा कॉलेजकडे जाणारी वाट या तीन इयत्तांमधूनच जात असल्यामुळे समाजाची खरी चाळणी इथे लागत होती.

तक्त्यातील रकान्यांची बेरीज केली तर मिडल स्कूलमध्ये ११,८५४ विद्यार्थी भरतात. त्यांत ब्राह्मण ३,६३९, ‘इतर जाती’ ३,८२३, पारशी १,५२६, ख्रिस्ती १,४२९, मुसलमान ६८७, शेतकरी जाती ६२४, आदिवासी व डोंगरी जमातींचे ६ आणि ‘खालच्या जाती’ या मथळ्याखाली, म्हणजे ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांचे, १७. शेकडेवारीत हे शेवटचे प्रमाण ०.१४ येते. ज्या इलाख्याचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यावर उभा होता, तिथे शेतकऱ्यांची मुले शंभरात पाच, आणि पारशांची, त्यांची लोकसंख्या मूठभर असूनही, शंभरात तेरा होती. इथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये: प्राथमिक शाळांच्या तक्त्यात शेतकरी जातींना वेगळा रकाना नाही, त्या ‘इतर हिंदू’ या लाखो मुलांच्या ढिगात आहेत, म्हणजे कुणब्याचा मुलगा मराठी शाळेतून इंग्रजी शाळेत येताना कितीसा गळतो, हे मोजायची सोयच सरकारी कागदाने ठेवलेली नव्हती.

मिडल आणि हायस्कूल यांची तुलना मात्र करता येते. हायस्कूलमध्ये ब्राह्मण विद्यार्थी १,९७८ होते, म्हणजे मिडल स्कूलमधील ब्राह्मण संख्येच्या निम्म्याहून थोडे अधिक. पारशी ९६५, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. शेतकरी जातींचे ६२४ मिडलमध्ये, तर १४० हायस्कूलमध्ये. मुसलमानांचे ६८७ वरून १०० वर. आणि अस्पृश्यांचे मिडलमध्ये १७, हायस्कूलमध्येही १७. हे आकडे एकाच वेळचे असल्यामुळे तीच मुले पुढे गेली असा अर्थ त्यांतून काढता येत नाही, आणि सतरासारख्या संख्येवर सिद्धान्त उभारणे कोणत्याही संख्याशास्त्राला मानवणार नाही. तरीही इतर बहुतेक रकाने वरच्या पायरीवर आटत असताना हा रकाना आटत नाही, आणि त्यामुळे एकूण विद्यार्थ्यांतील त्याचा वाटा ०.१४ वरून ०.३५ टक्क्यांवर जातो, ही बाब योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी किरकोळ नाही. आत आलेली मुले टिकत होती आणि अडचण दारातच होती, असे अनुमान करण्यास हा तक्ता निदान आडकाठी करत नाही.

त्या दाराची हकिगत याच निवेदनात सापडते. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला की, नेहमीची फी भरण्याची आपली तयारी असतानाही धारवाडच्या सरकारी शाळेने आपल्याला प्रवेश नाकारला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. २१ जुलै १८५६ च्या ठरावात मुंबई सरकारने अर्जदाराची बाजू तत्त्वतः न्याय्य असल्याचे निःसंदिग्धपणे मान्य केले आणि लगेच पुढे म्हटले की, एका-दोघांसाठी युगानुयुगांच्या समजुतींत एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचीच हानी होण्याचा संभव आहे. शिवाय ही अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही. ठरावात मुलाला नावही नाही, तो केवळ ‘महार अर्जदार’ आहे.

कागद कलकत्त्याला गेला. जानेवारी १८५७ मध्ये हिंदुस्थान सरकारने दिलेले उत्तर मुत्सद्दी लेखनाचा नमुनाच म्हणावे लागेल: मुंबईने बहुधा शहाणपणाच केला असावा, तथापि बंगाल इलाख्यातील कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता. एप्रिल १८५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपायला काही महिने उरले असताना, लंडनच्या संचालक मंडळाने निकाल दिला की, सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, या तत्त्वापासून ढळता येणार नाही, मग काही विद्यार्थी शाळा सोडून गेले तरी चालेल, आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आपल्या पैशाने आपल्यापुरत्या शाळा काढाव्यात. अर्जापासून या निकालापर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली होती, आणि शाळकरी वयातील दोन वर्षे म्हणजे दोन इयत्ता. तत्त्व जिंकले, पण चोवीस वर्षांनंतरच्या तक्त्यात त्या तत्त्वाचे फळ सतरा एवढेच दिसते.

मुंबई सरकारच्या ठरावातील सावधपणा नवा नव्हता, त्याची वंशावळ मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपर्यंत जाते. १८२० च्या दशकातील शिक्षणविषयक टिपणात एल्फिन्स्टनने नोंदवले आहे की, मिशनऱ्यांच्या अनुभवानुसार सर्वांत खालच्या जातींची मुलेच उत्तम विद्यार्थी ठरतात. पण त्यांना खास उत्तेजन देताना जपून राहावे, कारण नवी विद्या प्रथम त्यांच्यात रुजली तर ती पुढे पसरणार नाही आणि इतर जाती या नव्या वर्गाला तुच्छ लेखतील. या मुलांना अभ्यास झेपत नाही म्हणून त्यांना दूर ठेवले, असे म्हणण्याची सोय हे टिपण ठेवत नाही. त्यांची गुणवत्ता सरकारदरबारी नोंदलेली होती, आणि ती नोंदच त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

शेतकरी जातींच्या गळतीचे कारण वेगळे होते आणि ते फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये कमिशनला सांगितले: घरची कमालीची गरिबी, आणि गुरे राखायला व शेतावर लागणारे मुलांचे हात. महार-मांगांची मुले जातिद्वेषामुळे शाळेबाहेर राहतात, हेही त्यांनी तिथेच नोंदवले. एका ठिकाणी दार बंद आणि दुसऱ्या ठिकाणी घर मुलाला सोडत नाही, हा फरक त्यांना कमिशनच्या आकडेमोडीआधीच स्पष्ट दिसत होता.

पुढील चार दशकांतील वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि सक्तीच्या शिक्षणाचे कायदे परिचित आहेत. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी सांगितले की, प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. माध्यमिक शाळांत दर लाख लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ३,०००, मुसलमानांचे ५००, मध्यम वर्गाचे १४० आणि मागासवर्गाचे १४ विद्यार्थी आहेत. तोवर शिक्षणखात्याने वर्गवारीच बदललेली होती: ब्राह्मण, शेतकरी, खालच्या जाती हे जुने रकाने जाऊन चार मोठे वर्ग आले होते, आणि ‘मागास’ या एका वर्गात अस्पृश्यांबरोबर डोंगरी जमाती व गुन्हेगार ठरवलेल्या जमातीही मोजल्या जात होत्या, त्यामुळे १८८२ च्या सतरांची पुढची आकडेवारी या चौदांतून वेगळी काढता येत नाही.