खारेपाटांत मीठ कोठें मुरतें?

अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटांत एकाच बांधाच्या आंत शेजारीं शेजारीं दोन शेतें असतात. वैशाखांत एकावर मिठाची पांढरी पापडी धरते, दुसऱ्यावर धरत नाहीं. समुद्र तोच, पाऊसहि तोच. मग हा भेद कां पडतो, हें बियाणें घेण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं पाहावें, अशी आमची विनंती आहे. कारण गोड्या जमिनीचें भात खाऱ्या खोलगटांत लावलें तर वर्षाचें पीक हातचें जातें.

असाच प्रश्न उत्तर ध्रुवाकडे गोठलेल्या जमिनीविषयीं पडतो. कॅनडांत हडसन उपसागराच्या दक्षिणेस, जेथें थंडी त्या मानानें सौम्य आहे, तेथेंहि दलदलींखालीं बारमहा गोठलेली भूमि सांपडते. उघड्या मातीखालीं ती बहुधा सांपडत नाहीं. दलदलीवर अर्धकुजलेल्या शेवाळाचा जाड थर असतो. उन्हाळ्यांत तो वरून सुकून उष्णता आंत जाऊं देत नाहीं. हिंवाळ्यांत तोच भिजून गोठतो, आणि बर्फांतून उष्णता पाण्याच्या सुमारें चौपट वाहत असल्यामुळें आंतली ऊब निघून जाते. थंडीइतकाच अंमल तेथें ह्या पांघरुणाचा चालतो.

आपल्याकडे थंडीच्या जागीं मीठ आहे. खाडीच्या गाळाची ही चिकण माती सखल असून खारें पाणी फार खोल नसतें. 80 इंचांहून अधिक पाऊस वरचें मीठ धुवून नेतो, म्हणून भात पिकतें. पाऊस सरला कीं तेंच खारें पाणी केशाकर्षणानें वर चढतें; पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. डोंगराकडील उंच खाचरांस गोडा पाझर मिळतो व निचराहि होतो. खोलगटांत निचरा नाहीं. उघाडीचें तोंड गाळानें भरलें असेल, तर बांध शाबूत असूनहि शेत खारेंच राहतें. लोक सारा दोष समुद्राला देतात. आम्हांस तो अर्धाच वाटतो.

कापणीनंतर पेंढा पसरल्यास जमीन कमी तापते व मीठ कमी चढतें. (गुरांच्या तोंडचा पेंढा कोण पसरणार, हा प्रश्न आहेच.) खोलगटांत पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्राच्या पनवेल-1, पनवेल-2 व पनवेल-3 ह्या जाती, किंवा आपला जुना राता लावावा. परीक्षेसाठीं मातीचे नमुने उन्हाळ्यांत, खोलगटांतून व उंचवट्यावरून निरनिराळे घ्यावे. दोन्ही एकत्र कालविल्यास त्यांचा कांहीं उपयोग नाहीं.