लेखणी तिची, श्रेय कुणाचे?

गैरसमज: प्राचीन आणि मध्ययुगीन जगात इतिहास लिहिला तो पुरुषांनीच, एखाद्या बाईचे नाव आढळलेच, तर ती बापाच्या, भावाच्या किंवा नवऱ्याच्या कामाला हातभार लावणारी. ही समजूत जुनीच आहे. पहिल्या शतकात एपिडॉरसच्या पॅम्फिलाने ३३ खंडांत ऐतिहासिक टिपणे लिहिली. दहाव्या शतकातल्या ‘सुदा’ या बायझंटाईन कोशाने मात्र ती तिच्या वडिलांची किंवा नवऱ्याची असल्याचे प्रवादही नोंदवून ठेवले.

वस्तुस्थिती: अपुरे काम घरातल्या दुसऱ्याने पुढे नेणे ही त्या काळच्या इतिहासलेखनाची रीतच होती. चीनमध्ये बान ब्याओने सुरू केलेला हान घराण्याचा इतिहास त्याचा मुलगा बान गूने हाती घेतला. इ.स. ९२ मध्ये तो तुरुंगात मरण पावला, तेव्हा सम्राटाने त्याची बहीण बान झाओ हिला काम सोपवले. उरलेले आठ तक्ते आणि खगोलावरचे प्रकरण यांवर तिने काम केले. पुढे नामांकित भाष्यकार झालेला मा रोंग हा ग्रंथ वाचायला तिच्याकडेच शिकला. वडिलांचे काम पुढे नेणारा बान गू इतिहासकार ठरतो, मग भावाचे काम पुढे नेणारी बान झाओ नुसती मदतनीस कशी?

बायझंटाईन राजकन्या ॲना कोम्निनी हिच्याबद्दलचा आक्षेप जास्त गंभीर आहे. तिच्या ‘अलेक्सियाड’ या इतिहासग्रंथाचा बराच मजकूर मुळात तिच्या नवऱ्याचा, असे मत १९९६ मध्ये एका इंग्रज अभ्यासकाने मांडले. नवऱ्याचा अपुरा इतिहास आपण पुढे नेला, हे ती स्वतःच सांगते. पण त्याचा उपलब्ध ग्रंथ १०८१ मध्ये तिचे वडील अलेक्सियस गादीवर येण्याआधीच थांबतो. त्यांच्या राजवटीचा १५ भागांचा वृत्तांत तिच्या नावावर आहे आणि वडिलांच्या जुन्या सैनिकांकडून माहिती घेतल्याचेही ती लिहिते. बान झाओ आणि ॲना या दोघी राजदरबाराजवळच्या होत्या, म्हणून त्यांना साधने मिळाली, हे खरे. पण दरबारी इतिहास लिहिणाऱ्या पुरुषांनाही ती तिथूनच मिळत. उलट अकबराच्या सांगण्यावरून हुमायूनची हकिकत लिहिणारी बाबरची मुलगी गुलबदन बेगम, बाबर वारला तेव्हा आपण जेमतेम आठ वर्षांच्या होतो, हे आधीच सांगून टाकते. आपल्या आठवणीची मर्यादा वाचकापुढे ठेवणे हे इतिहासकाराचेच काम, आणि ते तिने चोख केले आहे.