स्तनपान काळातील पॅड : कापडी की वापरून टाकायचे?

बाळ पलीकडच्या खोलीत रडू लागले की अंगावर पाजणाऱ्या आईला आपोआप दूध उतरते. मराठीत याला 'पान्हा फुटणे' म्हणतात. वैद्यकशास्त्राने या अनुभवामागचे कारण बरेच नंतर सांगितले. बाळ चोखू लागले, रडले किंवा नुसती त्याची आठवण झाली, तरी आईच्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. त्यामुळे दुग्धग्रंथींभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात आणि दूध पुढे ढकलले जाते. संप्रेरक रक्तावाटे येत असल्याने त्याचा परिणाम एकाच बाजूपुरता राहत नाही. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने दूध गळते, ते यामुळेच.

घरात असताना याचे फारसे काही वाटत नाही. परंतु बाळाला घरी ठेवून डोंबिवली किंवा कल्याणहून सकाळची लोकल पकडणाऱ्या स्त्रीच्या कपड्यांवर भर गर्दीत ओले डाग उमटले की तिचा संकोच वाढतो. या संकोचापायी कामावर रुजू होताच अंगावरचे दूध तोडण्याचा विचार काहीजणी करू लागतात. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या मऊ घड्या याच कामासाठी असत. आता औषधांच्या दुकानांत या घडीची जागा ब्रेस्ट पॅड किंवा नर्सिंग पॅड या नावाने मिळणाऱ्या गोल चकत्यांनी घेतली आहे. त्यात एकदा वापरून टाकायचे आणि धुऊन पुन्हा वापरायचे असे दोन प्रकार असतात. यांतील कोणता घ्यावा, याचे उत्तर वेष्टनावरील जाहिरातीपेक्षा घरातील वाळत घालण्याची दोरी, घराबाहेर काढावे लागणारे तास आणि ऋतू यांवर अधिक अवलंबून आहे.

गळती किती काळ राहते?

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाला किती दूध लागते याचा शरीराला नेमका अंदाज आलेला नसतो. त्यामुळे अनेकींना दूध गरजेपेक्षा अधिक येते, छाती भरून दुखते आणि गळतीही अधिक होते. साधारण सहा ते बारा आठवड्यांत मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसतो व बहुतेकींची गळती पुष्कळ कमी होते. काहीजणींना मात्र ती अधिक काळ राहते, तर काहींना पहिल्या दिवसापासूनच गळतीचा त्रास नसतो. गळती नसणे म्हणजे दूध कमी असणे, असा समज घराघरांत आढळतो. तो चुकीचा आहे. दूध पुरेसे आहे की नाही हे बाळाचे वाढते वजन आणि त्याला दिवसभरात होणारी लघवी यांवरून ठरते.

म्हणूनच प्रसूतीपूर्वीच पॅडचे मोठे खोके आणून ठेवणे शहाणपणाचे नाही. पहिल्या आठवड्यासाठी एखादे लहान पाकीट आणि कापडी पॅडच्या तीन-चार जोड्या पुरतात. पुढची खरेदी गरज पाहून करावी.

दोन्ही प्रकारांची रचना

वापरून टाकायच्या पॅडची रचना बाळाच्या डायपरसारखीच असते. त्वचेला लागणारा वरचा थर प्लास्टिकच्या तंतूंपासून केलेल्या, कापडासारख्या मऊ आवरणाचा असतो. मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट या रसायनाचे कण असतात. हे कण दूध शोषून त्याची जेली बनवतात, त्यामुळे वरचा थर बराच वेळ कोरडा वाटतो. खाली प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि पॅड जागेवर राहावा म्हणून चिकटपट्टी असते. पातळपणा, अधिक शोषणशक्ती आणि धुण्याची कटकट नसणे ही या प्रकाराची बलस्थाने होत.

धुऊन वापरायच्या पॅडमध्ये सुती कापड, टॉवेलसारखे कापड किंवा बांबूपासून केलेल्या व्हिस्कोजचे थर एकावर एक शिवलेले असतात. काहींना पाठीमागे पाणी झिरपू न देणारे प्लास्टिकमिश्रित अस्तर असते. बांबूचे पॅड संपूर्ण नैसर्गिक असल्याचे सांगितले जाते, पण बांबूचे व्हिस्कोज तयार करताना रासायनिक प्रक्रिया करावी लागते. मऊपणा आणि शोषणशक्ती या दृष्टीने ते कापड चांगले असले, तरी साध्या सुती पॅडपेक्षा ते अधिक शुद्ध समजण्याचे कारण नाही. घरी शिवायचे झाल्यास जुन्या, मऊ सुती कापडाचे सहा-सात थर आणि वर फ्लॅनेलचा तुकडा घेऊन चांगला पॅड तयार होतो.

ओलावा हीच खरी अडचण

कोणताही पॅड तासन् तास ओला राहिला तर तो त्रासाचे कारण ठरतो. उबदार, ओलसर जागी कॅन्डिडा जातीची बुरशी वाढते. भिजून मऊ पडलेल्या त्वचेला भेगाही लवकर जातात. बुरशीचा संसर्ग झाल्यास आईच्या स्तनाग्रांना खाज व जळजळ होते आणि बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसू शकतात. म्हणून ओला झालेला पॅड लगेच बदलणे, हा नियम दोन्ही प्रकारांना सारखाच लागू आहे.

वापरून टाकायच्या पॅडचा वरचा थर कोरडा वाटत असल्याने तो बदलायचे राहून जाते, हा त्याचा छुपा दोष आहे. प्लास्टिकच्या पापुद्र्यामुळे आत हवा खेळत नाही आणि घामाची भर पडते. ठाणे-कल्याण पट्ट्यातील एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात हे विशेष जाणवते. सुती पॅड ओला झाल्याचे लगेच कळते; पण अस्तर नसेल तर तो ओलावा कपड्यांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. दूध सुकून पॅड त्वचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये. कोमट पाण्याने ओला करून अलगद सोडवावा.

दोरीवरचा हिशेब

कापडी पॅड निवडताना तो किती दूध शोषतो एवढेच पाहून भागत नाही. तो वाळतो किती वेळात, हेही पाहावे लागते. दिवसाला चार जोड्या लागतात असे धरले, तर कडक उन्हाच्या दिवसांत आठ जोड्या पुरतात. चार वापरात आणि चार दोरीवर. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ग्रिलमध्ये टांगलेले कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. अशा वेळी बारा जोड्यांची तरी तरतूद हवी. त्यातही जाड, पूर्ण शिवून बंद केलेल्या पॅडपेक्षा घडी उलगडता येईल असा पातळ पॅड लवकर सुकतो. आजीच्या काळची घडी या बाबतीत आजही सरस आहे.

पॅड धुण्याची रीत सोपी आहे. दुधात प्रथिने व स्निग्धांश असतात. गरम पाण्यात प्रथिने घट्ट होऊन डाग पक्का बसतो, म्हणून पॅड आधी गार पाण्यात खळबळून घ्यावा आणि मग साबणाच्या गरम पाण्यात धुवावा. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये. त्याचा थर बसून कापडाची शोषणशक्ती घटते. वाळवायला उन्हासारखे दुसरे साधन नाही. पावसाळ्यात साध्या सुती पॅडवर शेवटी इस्त्री फिरवावी. प्लास्टिकमिश्रित अस्तराच्या पॅडवर मात्र इस्त्री चालत नाही. कुबट वास येणारा, अर्धवट वाळलेला पॅड वापरण्यापेक्षा त्या दिवशी वापरून टाकायचा पॅड घेतलेला बरा.

हे धुणे कोणी करायचे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. रात्री तीन-चार वेळा उठणाऱ्या बाळंतिणीवरच ते पडणार असेल, तर कापडी पॅडची काटकसर तिच्या झोपेतून वसूल होते. हे काम घरातील इतरांनी, विशेषतः बाळाच्या वडिलांनी उचलले तरच कापडी पॅडचा पर्याय खऱ्या अर्थाने स्वस्त पडतो.

कामावर परतल्यावर

पगारी प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ज्यांना ही रजा मिळते त्यांची सर्वाधिक गळतीची मुदत घरीच उलटून जाते. परंतु घरकाम करणाऱ्या, छोट्या दुकानांत किंवा कंत्राटावर काम करणाऱ्या अनेक स्त्रिया महिना-दीड महिन्यातच कामाला लागतात. त्यांच्या वाट्याला अधिकाधिक गळती आणि कमीत कमी सवड एकाच वेळी येते.

कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५४ किलोमीटर, तर ठाण्याहून ३४ किलोमीटर अंतरावर आहे. प्रवास आणि काम मिळून दहा-बारा तास घराबाहेर जातात. या वेळात कापडी पॅड बदलायचा तर ओला पॅड दिवसभर सोबत बाळगावा लागतो. त्यासाठी पाणी न झिरपणारी छोटी पिशवी जवळ ठेवता येते. तेही गैरसोयीचे वाटत असेल तर प्रवासाच्या दिवशी वापरून टाकायचे दोन-तीन जोड पर्समध्ये ठेवणे व्यवहार्य ठरते. गाडीत अचानक पान्हा फुटल्यास हाताची घडी घालून छातीवर मिनिटभर हलका दाब दिला तर बहुधा तो थांबतो. नक्षीदार किंवा गडद रंगाचा कपडा आणि ओढणी यांचाही उपयोग होतो.

मात्र पॅड हा दूध काढण्याला पर्याय नव्हे. बाळ जितक्या वेळा पिते त्याच्या आसपास कामावरही दूध काढले नाही, तर गाठी होतात आणि पुढे दूध कमी होऊ लागते. प्रसूतीविषयक कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसात दोन विश्रांती दिल्या आहेत, याची माहिती अनेक नोकरदार स्त्रियांना नसते. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीच्या नावाने राज्यात एसटी स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' सुरू झाले. तशीच आडोशाची जागा कामाच्या ठिकाणी मागणे गैर नाही.

पैसे आणि कचरा

एका पॅडला दहा रुपये धरले तर दिवसाला आठ, म्हणजे महिन्याला २४० पॅडचे २,४०० रुपये होतात. तीन महिन्यांत ७,२०० रुपये. बारा जोड्यांचे २४ कापडी पॅड प्रत्येकी ७५ रुपयांचे धरले, तर १,८०० रुपयांत सगळा काळ निभावतो आणि दुसऱ्या बाळंतपणालाही ते उपयोगी पडतात. महिन्याच्या २५ कामाच्या दिवशी बाहेर दोन-दोन जोड वापरून टाकायचे म्हटले, तर १०० पॅडचे १,००० रुपये होतात. हे आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. आपल्या दुकानातील भाव घालून प्रत्येकीला तो करता येईल.

कचऱ्याचा प्रश्न या पट्ट्याला नवा नाही. घनकचऱ्याची विल्हेवाट नीट लागत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली होती. आधारवाडी क्षेपणभूमीला वारंवार लागणाऱ्या आगींचा धूर कल्याणकरांनी वर्षानुवर्षे सोसला. ती २०२१ मध्ये बंद झाली. ठाण्याचा कचरा झेलणारी दिव्याची क्षेपणभूमी २०२३ मध्ये बंद झाली. तीन महिन्यांतले सातशेहून अधिक पॅड शेवटी अशाच एखाद्या गावाच्या शेजारी जाऊन पडतात आणि त्यातील प्लास्टिक कुजत नाही.

असे असले तरी कापडी पॅड आपोआप निर्दोष ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने डायपरबाबत २००५ व २००८ साली केलेल्या तुलनेत असे दिसले, की कापडी प्रकाराचा पर्यावरणावरील भार ते कसे धुतले व वाळवले जातात यावर ठरतो. यंत्रात गरम हवेने वाळवले तर फायदा आटतो, दोरीवर वाळवले तर टिकतो. आपल्याकडे दोरीचीच पद्धत असल्याने ही बाजू जमेची आहे.

वापरलेला पॅड शौचकूपात टाकू नये. तो फुगून वाहिनी तुंबवतो. ओल्या कचऱ्यातही तो जात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर, सॅनिटरी नॅपकिन आणि तत्सम वस्तूंना 'सॅनिटरी कचरा' ठरवून त्या गुंडाळून देणे बंधनकारक केले. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून, वर ओळखू येईल अशी खूण करून पॅड वेगळा दिला, तर कचरा हाताने निवडणाऱ्यांचा त्रास वाचतो.

मग निवड कशी करावी?

घरात असताना आणि रात्री सुती पॅड, लांबच्या प्रवासात व सलग पावसाच्या दिवसांत वापरून टाकायचे पॅड, अशी विभागणी या परिसरातील बहुतेक घरांना सोयीची ठरेल. धुण्यास हात नाहीत, पाणी एक दिवसाआड येते किंवा वाळवण्यास जागा नाही, अशा घरातील आईने वापरून टाकायचे पॅड घेतले तर तिने अपराधी वाटून घेऊ नये. त्वचेला पुरळ आले तर तो प्रकार बंद करून सुती कापडाकडे वळावे.

छाती लाल व गरम होऊन ताप येणे, गाठ न विरघळणे, दुधातून रक्त येणे, स्तनाग्रांची जळजळ न थांबणे यांपैकी काही झाल्यास पॅड बदलून भागत नाही. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नाहीतर नेहमीचे डॉक्टर यांच्याकडे त्वरित जावे. दुखते म्हणून पाजणे मात्र परस्पर बंद करू नये; साचलेल्या दुधाने दुखणे वाढते.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान सुचवते. पॅडची खरी गरज त्यातील जेमतेम पहिल्या दोन-तीन महिन्यांची असते. तेवढा काळ कोरडेपणाने आणि निःसंकोचपणे निभावला, तर ओल्या डागांच्या भीतीने बाळाचे दूध तोडण्याची वेळ येणार नाही.